जुन्या मालिकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी मध्येच अडकतात? लेन्स बदलण्याआधी हे क्रमाने तपासा

लक्षणं

तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी कागदावर लिहून घ्या. नुसतं "चालत नाही" म्हटल्यावर दोष सापडत नाही.

- कुठलीही डिस्क टाकली तरी "नो डिस्क" किंवा "डिस्क एरर" येतं.
- पहिला भाग नीट चालतो. दुसरा-तिसरा लागला की चित्र थिजतं, चौकोन चौकोन दिसतात, आवाज कुरकुरतो.
- दर वेळी अगदी त्याच संवादाला अडकतं.
- दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकतं, तेही अर्ध्या-पाऊण तासाने.
- व्हीसीडी चालते पण डीव्हीडी नाही, किंवा याच्या उलट.
- चित्र काळं-पांढरं येतं, वर-खाली धावतं, किंवा नुसता आवाज येतो.
- डिस्क आत गेली की कट-कट आवाज येतो, ट्रे आपोआप बाहेर येतो किंवा उघडतच नाही.

नाशिकमध्ये हा प्रकार दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास हमखास होतो. माळ्यावरचा सीडीचा डबा खाली येतो, घरातली मोठी माणसं "लावा की जरा" म्हणतात, आणि चार महिने पावसाळी दमट हवा खाल्लेली डिस्क प्लेअरमध्ये जाते. ती अडकली की दुकानातलं उत्तर ठरलेलं असतं: लेन्स गेली, म्हणजे डिस्क वाचणारा भिंग-लेसरचा भाग गेला. खरं तर बहुतेक वेळा लेन्स शाबूत असते. डिस्क मळलेली असते, वायर चुकीच्या ठिकाणी असते, नाहीतर लेन्सवर धूळ बसलेली असते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि त्यातच बरीच प्रकरणं मिटतात.

आधी दोष कोणाचा ते ठरवा

तीन डिस्क जमवा: कंपनीची छापील ऑडिओ सीडी, कंपनीची व्हीसीडी आणि कंपनीची डीव्हीडी. शेजाऱ्यांकडून आणा, पण तिन्ही दुसऱ्या प्लेअरवर चालताना बघितलेल्या हव्यात. घरी किंवा स्टुडिओत कॉपी केलेली डिस्क चाचणीला चालणार नाही, कारण तिचाच भरवसा नसतो.

तिन्ही नीट चालल्या तर प्लेअरला हात लावू नका, दोष तुमच्या डिस्कमध्ये आहे. तिन्ही चालल्या नाहीत तर दोष प्लेअरमध्ये आहे. ऑडिओ सीडी आणि व्हीसीडी चालली पण डीव्हीडी नाही, किंवा याच्या उलट झालं, तर हे सगळ्यात बोलकं लक्षण समजा. सीडी आणि व्हीसीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा. प्लेअरमध्ये भिंग एकच असलं तरी त्याच्यामागे लेसर दोन असतात आणि ते वेगवेगळे म्हातारे होतात. एकाच जातीच्या डिस्क नाकारल्या जात असतील तर "लेन्स गेली" या निदानाला थोडा अर्थ आहे. तरी पुसून बघितल्याशिवाय ते मान्य करू नका, कारण डीव्हीडीवरच्या खुणा सीडीपेक्षा बऱ्याच बारीक असतात आणि तीच धूळ डीव्हीडीला आधी नडते.

दुसरी खूण म्हणजे अडकण्याची जागा. प्लेअरच्या पडद्यावरचा मिनिट-सेकंदाचा आकडा टिपून ठेवा आणि तीच डिस्क पुन्हा लावा. आकडा तोच आला तर ओरखडा, डाग किंवा भोक त्या जागी आहे. आकडा दर वेळी बदलत असेल तर प्लेअर तापतोय, लेन्स मळली आहे किंवा प्लेअरमधला वीजपुरवठ्याचा भाग (सप्लाय) कमजोर आहे.

काही गोष्टी बिघाडात धरू नका. दोन थरांच्या, म्हणजे ८.५ जीबीच्या डीव्हीडीत मधे कुठेतरी चित्र क्षणभर थांबून पुढे चालू लागतं. लेसर पहिल्या थरावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा असं होतं. ऐंशीच्या दशकातल्या मालिका ४:३ चौकटीसाठी केलेल्या आहेत, त्यामुळे रुंद टीव्हीवर माणसं जाडी दिसत असतील तर टीव्हीच्या रिमोटवरून चित्राचा आकार ४:३ करा आणि बाजूच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. टेपवरून उतरवलेल्या चित्रात अगदी खालच्या कडेला थरथरणारी पट्टी किंवा लाल रंगाचा पसारा दिसतो. तो मूळ टेपमधून आलेला आहे, कुठलीही लेन्स बदलून जाणार नाही. व्हीसीडीचं चित्र तर मुळातच ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं असतं. ५५ इंची टीव्हीवर ते धूसर दिसणारच. दोन पावलं मागे सरकून बसा.

तपासणी १: वायर आणि सेटिंग (खर्च नाही)

चित्र थिजत नाही, पण काळं-पांढरं येतं, धावतं किंवा येतच नाही, अशांनी आधी हे बघावं. जुना प्लेअर नव्या टीव्हीला जोडताना याच ठिकाणी जास्त घोळ होतात.

प्लेअरमागची पिवळी पिन चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. बऱ्याच नव्या टीव्हींवर पिवळी सॉकेटच नसते. त्याऐवजी हिरवी सॉकेट दोन्ही कामं करते, किंवा हेडफोनसारखं ३.५ मिलिमीटरचं एक छिद्र असतं. पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये लावून टीव्हीवर "कंपोनंट" निवडलं तर चित्र काळं-पांढरं येतं. तिथे "एव्ही" निवडायचं. ३.५ च्या छिद्राला टीव्हीबरोबर आलेलीच वायर वापरा. पिनवरच्या कड्यांची जोडणी प्रत्येक कंपनी वेगळी करते, त्यामुळे बाजारातली दुसरी वायर लावली की चित्र आवाजाच्या पिनवर जातं. तशी शंका आली तर टीव्हीचा आवाज कमी करा आणि प्लेअरच्या पिवळ्या सॉकेटमध्ये तिन्ही पिना आळीपाळीने लावून बघा. लाल किंवा पांढऱ्या पिनेवर चित्र उमटलं तर वायर बदला. असं करून काही जळत नाही.

टीव्हीला एव्हीच नसेल तर एव्ही ते एचडीएमआय असा छोटा डबा मिळतो. त्याला ५ व्होल्टचा सप्लाय द्यावाच लागतो. टीव्हीच्या यूएसबीवर तो अधूनमधून बंद पडतो, म्हणून मोबाइलचा साधा चार्जर लावा. चित्र दर काही मिनिटांनी जाऊन येत असेल तर प्लेअरवर संशय घेण्याआधी हा डबा बघा.

आता सेटिंग. भारतातलं जुनं प्रसारण पाल पद्धतीचं होतं, अमेरिकेतलं एनटीएससी. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेली डिस्क जुन्या डब्बा टीव्हीवर काळी-पांढरी दिसत असेल किंवा धावत असेल तर प्लेअरच्या मेन्यूत टीव्ही सिस्टिम "पाल" करा. रिमोटवरचं "पी-स्कॅन" किंवा "व्ही-मोड" बटण चुकून दाबलं गेलं की पिवळ्या पिनेवरचं चित्र पूर्ण नाहीसं होतं. प्लेअर बिघडला म्हणून लोक तो दुकानात नेतात आणि तिथे एक बटण दाबून तो चालू होतो. डिस्क बाहेर काढा, तेच बटण थांबत थांबत तीन-चार वेळा दाबा, चित्र परत येतं.

तपासणी २: डिस्क (खर्च: भांड्यांच्या साबणाचा एक थेंब)

एका व्हीसीडीत साधारण ७४ मिनिटं मावतात, म्हणजे मालिकेचे दोन किंवा तीन भाग. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. त्यामुळे शेवटचा भाग बाहेरच्या कडेला असतो आणि बोटांचे ठसे, पाकिटाची घासण, वाकलेपणा हे सगळं तिथेच जास्त असतं. पहिला भाग चालतो आणि तिसरा अडकतो त्याचं कारण हेच.

व्हीसीडी डीव्हीडीपेक्षा नाजूक असण्यामागे आणखी दोन कारणं आहेत. व्हीसीडीतल्या चित्राला डेटा सीडीवर असते तशी चूक दुरुस्तीची जादा पातळी दिलेली नसते. जास्त मिनिटं मावावीत म्हणून तेवढी जागा चित्रालाच दिली आहे. शिवाय सीडी-व्हीसीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खाली, पातळ संरक्षक लेपाखाली असतो. डीव्हीडीत तो ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधे असतो. म्हणून व्हीसीडीच्या छापील बाजूवर गेलेला ओरखडा चमकदार बाजूवरच्या ओरखड्यापेक्षा वाईट.

बघायचं असं: अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च डिस्कच्या मागे धरा. व्हीसीडीत टाचणीच्या टोकाएवढे आरपार प्रकाशाचे ठिपके दिसले तर तिथला थर उडालेला आहे. साफसफाईने तो परत येत नाही, पॉलिशनेही नाही.

ठिपके नसतील तर धुवा. नळाच्या थंड पाण्याखाली आधी नुसती धरा, म्हणजे धुळीचे कण वाहून जातील. मग साबणाचा एक थेंब बोटाच्या पेराने हलकेच फिरवा, पुन्हा पाणी सोडा, झटका आणि चष्म्याच्या मऊ कापडाने टिपा. पुसताना कापड मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ रेषेत न्या, गोल फिरवू नका. सीडीची चूक दुरुस्ती ट्रॅकवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा खंड पूर्ण भरून काढू शकते. आडवा ओरखडा ट्रॅकला काटकोनात छेदतो आणि प्रत्येक फेऱ्यात थोडंसंच नुकसान करतो. गोल ओरखडा ट्रॅकच्या बरोबरीने लांबवर धावतो आणि ती मर्यादा सहज ओलांडतो. गोल पुसणारी माणसं स्वच्छ डिस्क नासवतात. साडीच्या पदराने किंवा शर्टाच्या टोकाने पुसण्याचीही तीच गत, कारण सुती कापडात अडकलेली धूळच ओरखडे पाडते.

प्लास्टिकच्या पाकिटांच्या जाड अल्बममध्ये डिस्क ठेवल्या असतील तर पाकीट डिस्कला चिकटतं. ओढून काढू नका, छापील थर पाकिटाबरोबर उचलला जातो. पाकीट कात्रीने कडेने कापा आणि हळूहळू सोलून काढा. जुन्या नाशकातल्या जाड भिंतींच्या वाड्यांत, पंचवटीत नदीच्या बाजूला आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात डिस्कवर पांढरट बुरशीचा पापुद्रा येतो. तो चमकदार बाजूवर असेल तर वरच्या पद्धतीने धुऊन जातो. छापील बाजूला फोड आले असतील तर धुऊ नका, पाणी आत शिरतं.

पुरात भिजलेल्या डिस्क हा वेगळाच विषय. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत गोदावरी चढली की सराफ बाजार, नेहरू चौकापर्यंत कुठे ना कुठे तळमजल्यात गाळ शिरतो. त्या डिस्क वाळवून पुसू नका. गाळातली वाळू सँडपेपरचं काम करते. ओल्या असतानाच स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, मग वाहत्या पाण्याखाली एकेक धरा.

बॉलपेनने नावं लिहिलेल्या डिस्क आणि कागदी स्टिकर लावलेल्या डिस्क यांबद्दल फारशी आशा ठेवू नका. बॉलपेनचं टोक थर चिरतं. स्टिकर दमट हवेत एका बाजूने फुगतो आणि डिस्कचा तोल जातो. डीव्हीडी आतल्या कडेला मिनिटाला सुमारे दीड हजार फेरे घेते, त्या वेगात थोडा असमतोलही लेसरला सांभाळता येत नाही. स्टिकर ओढून काढू नका, खालचा थर त्याच्याबरोबर येतो.

टूथपेस्टचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. चमकदार बाजूवरचा वरवरचा ओरखडा पांढऱ्या, जेल नसलेल्या पेस्टने कधीकधी बुजतो, कारण ती सौम्य पॉलिशच असते. पण त्याचबरोबर शेकडो बारीक ओरखडेही ती पाडते. फेकून द्यायचीच ठरवलेल्या डिस्कवर करून बघा, एकमेव प्रतीवर नाही.

तपासणी ३: ही डिस्क तुमच्या प्लेअरला वाचता येते का? (खर्च नाही)

खालची बाजू उलटून बघा. स्वच्छ चंदेरी असेल तर कंपनीची छापील डिस्क. जांभळट, हिरवट किंवा निळसर असेल तर कॉपी केलेली. कॉपीत माहिती रंगाच्या थरात असते आणि ऊन-उष्णतेने तो रंग उडतो. खिडकीजवळच्या शेल्फमध्ये दोन उन्हाळे काढलेली डिस्क वरून नवीकोरी दिसते आणि तरी वाचता येत नाही. अशी डिस्क या प्लेअरवर नाही पण त्या प्लेअरवर चालते, हे नेहमीचंच आहे.

व्हीएचएस कॅसेटवरची मालिका स्टुडिओतून किंवा घरच्या रेकॉर्डरवर डीव्हीडीत उतरवली असेल तर एक गोष्ट विचारा: डिस्क "फायनलाइज" केली होती का, म्हणजे रेकॉर्डिंग संपल्यावर ती इतर प्लेअरना वाचता येईल अशी बंद केली होती का? केली नसेल तर ती ज्या रेकॉर्डरवर झाली तिथेच चालते, बाकी सगळीकडे "नो डिस्क". उपाय म्हणजे ती पुन्हा त्याच रेकॉर्डरमध्ये, नसेल तर त्याच कंपनीच्या रेकॉर्डरमध्ये घालून फायनलाइज करणं.

"रिजन एरर" आला तर डिस्क परदेशी बाजारातली आहे. डीव्हीडीवर ती कुठल्या प्रदेशासाठी आहे त्याचा क्रमांक असतो: भारताचा ५, अमेरिकेचा १. व्हीसीडीला रिजन नसतो. ब्लू-रे प्लेअर घेतलाय आणि व्हीसीडी चालत नाही अशी तक्रार असेल तर माहितीपत्रकात व्हीसीडीचं नाव आहे का ते बघा. सगळे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचत नाहीत, तो बिघाड नाही.

अडलंच तर संगणक वापरा. डीव्हीडी ड्राइव्हमध्ये व्हीसीडी टाका, "एमपीईजीएव्ही" नावाच्या फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसी या प्रोग्रॅममध्ये उघडा. तिथे अडखळत का होईना पण चालली, तर ओरखडा थोडाच आहे. ती फाइल सरळ कॉपी करायला गेलात तर खराब जागी विंडोज कॉपी तोडून टाकतं, म्हणून डिस्क मेली असं समजू नका.

तपासणी ४: जागा, उष्णता, दव (खर्च नाही)

दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकणाऱ्या प्लेअरसाठी हे. सेट-टॉप बॉक्सवर प्लेअर आणि प्लेअरवर घडी केलेलं कापड, ही मांडणी बऱ्याच घरांत दिसते. खालचा बॉक्स दिवसभर तापलेला असतो आणि वर हवा जायला वाट नसते. प्लेअर वेगळ्या सपाट फळीवर ठेवा, वर चार बोटं जागा सोडा, पाऊण तास चालवा. अडकणं थांबलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा उलटा प्रकार दिसतो. रात्रभर गार पडलेला प्लेअर, खोलीत स्वयंपाकाची वाफ, आणि लेन्सवर दव. "नो डिस्क" येतं, तासाभराने आपोआप बरं होतं. प्लेअर चालू करून डिस्क न घालता अर्धा-एक तास ठेवा.

तपासणी ५: लेन्स पुसणं (खर्च: थोडं अल्कोहोल, इअरबड)

इथून पुढे झाकण उघडायचं आहे. बटण बंद करून थांबू नका, प्लग भिंतीतून काढा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरवर २३० व्होल्टच्या मेन्सपासून तयार झालेले सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात. ज्या कोपऱ्यात मेन्सची वायर शिरते, त्या बोर्डाला बोट, स्क्रू ड्रायव्हर, काहीही लावायचं नाही. वॉरंटीचं सील असेल आणि मुदत उरली असेल तर उघडू नका.

बाजारातली ब्रश लावलेली क्लीनिंग सीडी त्याआधी वापरायला हरकत नाही, पण एकदाच. तिचा ब्रश भिंगावर किती जोरात आपटेल हे तुमच्या हातात नसतं.

झाकणाचे मागचे आणि बाजूचे स्क्रू काढून ते मागे सरकवून उचला. ट्रेच्या वर आडवी पट्टी आणि तिच्यात गोल चुंबकाची चकती दिसेल, ती डिस्क वरून धरून ठेवते. पट्टीचे दोन स्क्रू काढले की खाली मण्याएवढं भिंग दिसतं. ते चार बारीक तारांवर लटकलेलं असतं, म्हणून दाबायचं अजिबात नाही.

आधी कॅमेऱ्याचा रबरी ब्लोअर दोनदा दाबा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब इअरबडवर घ्या, जास्तीचा कापडावर टिपा, भिंगावर मधून बाहेर दोन हलके फेरे, लगेच कोरड्या बडने एक. पाच मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर वापरू नका, त्यातल्या ग्लिसरीनचा पापुद्रा उरतो. अत्तर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांनी भिंगावरचा लेप आणि भिंग दोन्ही जातं. स्वयंपाकघराशेजारी ठेवलेल्या प्लेअरच्या भिंगावर फोडणीच्या तेलाचा पिवळसर थर बसतो. त्याला दोनदा पुसावं लागतं.

झाकण उघडं असताना प्लेअर चालू करून "लेसर लागतोय का" म्हणून आत डोकावू नका. डीव्हीडीचा लाल ठिपका दिसतो, पण सीडीचा लेसर जवळजवळ अदृश्य असतो आणि डोळ्याला इजा करतो.

तपासणी ६: रूळ, रबर, फ्लॅट केबल (खर्च: ग्रीस, बेल्ट)

झाकण उघडंच आहे तर हेही उरकून घ्या, प्लग अजूनही बाहेरच. भिंगाचा गाडा दोन दांड्यांवर पुढे-मागे सरकतो. दांड्यांवरचं ग्रीस वाळून काळं, चिकट झालं की गाडा मधेच अडतो आणि कुठलीही डिस्क लावली तरी साधारण त्याच अंतरावर थांबतो. दात्यांचं पांढरं चाक बोटाने फिरवून गाडा पूर्ण आतून बाहेर नेऊन बघा. जुनं ग्रीस अल्कोहोलच्या बडने पुसा, प्लास्टिकला चालणारं पांढरं ग्रीस मोहरीएवढं लावा. शिलाई मशीनचं तेल नको, ते पसरून भिंगावर येतं.

डिस्क जिथे बसते त्या चकतीवरची रबरी कडी पुसा. ती गुळगुळीत झाली तर डिस्क घसरते, सुरुवातीला सूंऽऽ आवाज येतो आणि मग "नो डिस्क".

ट्रे अडत असेल तर त्याचा बेल्ट ढिला झालाय. गरम पाण्यात टाकून तो काही दिवस घट्ट होतो, पण नवाच बसवा. जुना बेल्ट बरोबर घेऊन जा, नुसतं मॉडेल सांगून माप जुळत नाही. नाशिकच्या एम. जी. रोड-शालिमार परिसरातल्या पार्ट्सच्या दुकानांत विचारा.

शेवटी गाड्यापासून बोर्डाकडे जाणारी फ्लॅट केबल. सॉकेटला लॉक असेल तर आधी ते सोडा, केबल सरळ बाहेर काढा, टोकाच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा, पुन्हा सरळ बसवा, लॉक करा. किंचित तिरकी बसली तरी काहीच चालत नाही. केबलवर आडवी घडी किंवा तडा दिसला तर ती बदलावी लागेल.

इथे थांबा

यानंतरची कामं घरी करू नयेत.

सप्लायच्या बोर्डावर डोकं फुगलेला किंवा तळातून गळलेला कंडेन्सर दिसला, जळका वास आला, फ्यूज पुन्हा उडाला, किंवा प्लेअरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर झाकण बंद करून मेकॅनिककडे न्या. फुगलेला कंडेन्सर हे दर वेळी वेगळ्या जागी अडकण्याचं नेहमीचं कारण आहे. ५ व्होल्टची लाइन भार आल्यावर खाली बसते आणि मोटर किंवा डिकोडर गडबडतो. दुरुस्ती स्वस्त आहे, पण मेन्सच्या बोर्डावरची आहे.

लेन्स बदलणंही मेकॅनिकचंच काम. नव्या लेन्सवर स्थिर विजेपासून बचावासाठी सोल्डरचा एक ठिपका मुद्दाम दिलेला असतो. फ्लॅट केबल जोडल्यानंतर तो सोल्डरिंगने काढला नाही तर नवीकोरी लेन्सही "नो डिस्क" दाखवते. हा ठिपका विसरल्यामुळे चांगल्या लेन्स खराब ठरवून परत केल्या जातात. लेन्सच्या कडेला असलेला बारीक स्क्रू फिरवून लेसर "वाढवण्याचा" सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आठवडाभर चालतं, मग लेसर कायमचा जातो.

घरची एकमेव प्रत, म्हणजे दूरदर्शनवरून कोणी तेव्हा उतरवून ठेवलेला भाग, अडकायला लागली तर ती प्लेअरमध्ये वारंवार घालू नका. संगणकाच्या दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर वाचून बघा, कारण एकाला न जमलेला तुकडा दुसरा वाचतो. कॉपी केलेल्या डीव्हीडीची प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी फाइल, उतरवायला डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम चांगला. खराब जागा आधी ओलांडून बाकीचं वाचतो, मग त्या जागांवर परत येतो. ते जमत नसेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि डिस्क "पॉलिश करून" देऊ नका, असं आधीच सांगा. व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी पूड दिसली तर ती कुठल्याही व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या सगळ्या चांगल्या कॅसेटांना लागते.

संच मोठा असेल, ५३ भागांच्या 'भारत एक खोज'सारखा किंवा ७८ भागांच्या 'रामायण'सारखा, तर एखादी डिस्क बाद झाली म्हणून तेवढीच सुटी मिळणं अवघड. त्या वेळी प्लेअरवर खर्च करण्याआधी तो भाग अधिकृतपणे ऑनलाइन मिळतोय का ते बघून घ्या. नुसती एक डिस्क अडकत असेल तर लेन्स बदलण्यात काहीच अर्थ नाही.

मेकॅनिककडे जाताना प्लेअर, रिमोट, अडकणारी डिस्क आणि चालणारी छापील डिस्क अशा चारही वस्तू न्या. आधी तपासणीचे पैसे किती ते विचारा. लेन्स बदलायची ठरली तर लेन्सवर छापलेला नंबर बघून घ्या, केएचएम-३१३ किंवा एसएफ-एचडी ६२ अशा प्रकारचा असतो, आणि तोच नंबर पावतीवर लिहायला सांगा. जुनी लेन्स परत मागा. पैसे देण्याआधी दुकानात एक व्हीसीडी आणि एक डीव्हीडी, दोन्हींचा शेवटचा भाग लावून दहा-दहा मिनिटं चालवून घ्या. पहिला भाग लावून दाखवला तर त्यातून काही सिद्ध होत नाही.